ओशिनेनसे तळ्यावर एक दिवस: स्वित्झर्लंडमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

स्वित्झर्लंडमध्ये घर लागलं, मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि भारतातून आई-बाबा राहायला आले की एका दिवसात जाऊन येण्यासारखं डोंगरातलं ठिकाण शोधणं सुरू होतं. युंगफ्राउयोखचा खर्च पाहून बरेच जण थबकतात, आणि साडेतीन हजार मीटरच्या उंचीवर वयस्कर माणसांना न्यावं की नाही हाही प्रश्न असतोच. अशा वेळी कांडरश्टेग गावाजवळचं ओशिनेनसे तळं डोळे मिटून निवडावं. बाबागाडीतलं बाळ, उड्या मारणारी शाळकरी मुलं आणि गुडघे दुखणारे आजी-आजोबा अशा तिघांनाही ते एकाच दिवशी जमतं.

तळं समुद्रसपाटीपासून १५७८ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जरासं खाली. या उंचीचा निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही. कडे कोसळून दरी अडली आणि त्यामागे पाणी साठलं, असं हे तळं तयार झालं. समोर ब्ल्युम्लिसआल्पच्या हिमशिखरांची रांग, तिथून उतरणारे ओढे, आणि ५६ मीटरपर्यंत खोल निळंहिरवं पाणी. या तळ्यातून जमिनीवरून बाहेर वाहणारा ओढा नाही, पाणी खडकांतून जमिनीखालीच झिरपतं. म्हणून पातळी ऋतूप्रमाणे चांगलीच वरखाली होते, आणि फोटोत दिसलेला रुंद किनारा प्रत्यक्षात कधी पाण्याखाली असतो. २००७ पासून हा भाग युंगफ्राउ-आलेच जागतिक वारसा क्षेत्रात आहे.

सहल बिघडते ती बहुतेक वेळा घड्याळामुळे. निघताना सगळे जाण्याची गाडी पाहतात, परतीचा हिशोब कोणी करत नाही. खालच्या पायऱ्या त्यासाठीच लिहिल्या आहेत.

१. दिवस निवडा

जूनचा मध्य ते सप्टेंबरअखेर हा कुटुंबासाठी सगळ्यात चांगला काळ. तळं हिवाळ्यात गोठतं आणि बर्फ मे महिन्यापर्यंतही टिकू शकतो, त्यामुळे "आता उन्हाळा लागला" म्हणून एप्रिलमध्ये जाऊ नका. शिवाय वसंतात आणि शरदाच्या शेवटी गोंडोला, म्हणजे गावातून वर नेणारा रोपवे, देखभालीसाठी काही आठवडे बंद असतो. त्या तारखा दरवर्षी बदलतात, गोंडोलाच्या संकेतस्थळावर पाहूनच रजा टाका.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. मुलांच्या शाळेला सुट्टी आणि तुमचं ऑफिसही बंद अशा सणांच्या दिवशी, विशेषतः मे-जूनमधल्या लांब सुट्ट्यांत आणि १ ऑगस्टच्या स्विस राष्ट्रीय दिनाला, गर्दी दुप्पट असते. शाळेच्या सुट्टीतला मंगळवार किंवा बुधवार सगळ्यात उत्तम.

हवामान तीन दिवस आधी मेटेओस्विस या सरकारी हवामान खात्याच्या ॲपवर पाहायला सुरुवात करा, पण अंदाज झ्युरिकचा किंवा बर्नचा न पाहता कांडरश्टेगचा पाहा. उन्हाळ्यात सकाळ निरभ्र आणि दुपारी तीन-चारनंतर गडगडाट हा डोंगरातला नेहमीचा क्रम आहे. आदल्या रात्री अंदाजात दुपारचं वादळ दिसलं तर सहल रद्द करायची गरज नाही, पहिल्या गोंडोलाने वर जायचं आणि दोनपर्यंत खाली यायचं. निघायच्या सकाळी वेबकॅम जरूर उघडा. खाली दरीत धुकं आणि वर लख्ख ऊन, किंवा नेमकं उलटं, असं नेहमी असतं.

२. तिकिटं काढा

खर्च वाढतो तो इथे. हे नीट समजून घ्या.

हाल्बटाक्स, म्हणजे वर्षभर जवळपास सगळा प्रवास अर्ध्या भाड्यात करू देणारं कार्ड, मोठ्यांकडे नसेल तर आधी ते काढा. दोन-तीन लांबच्या सहलींत पैसे वसूल होतात.

सहा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसासोबत फुकट जातं. सहा ते सोळा वयाच्या मुलांसाठी युनिओरकार्टे घ्या: वर्षाला ३० फ्रँक, आणि आई किंवा वडील सोबत असतील तर मुलाला वेगळं तिकीट लागत नाही. यात एक खाच आहे. हे कार्ड आई-वडिलांसोबतच चालतं. तुम्हाला रजा मिळाली नाही आणि नातवाला घेऊन फक्त आजी-आजोबा निघाले, तर या कार्डावर त्याचा प्रवास फुकट होत नाही. इतर मोठ्यांसोबत जाण्यासाठी वेगळं कार्ड मिळतं, ते घ्या.

मोठ्यांसाठी श्पारटागेसकार्टे, म्हणजे दिवसभराचा सवलतीचा पास, जितका आधी घ्याल तितका स्वस्त. असाच पास तुमच्या गेमाइन्डेमार्फतही, म्हणजे स्थानिक नगरपालिकेमार्फत, मिळतो आणि तो मर्यादित संख्येत असतो. हाल्बटाक्स नसलेल्या आजी-आजोबांसाठी दोन्हींच्या किमती पडताळून पाहा. पासावर नाव आणि जन्मतारीख असते, म्हणून आई-बाबांचे मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा.

स्वस्तातलं श्पारबिलेट दिसलं की थांबा. ते ठरलेल्या तारखेच्या, ठरलेल्याच गाडीला लागू असतं. मुलाने बूट घालायला वेळ लावला आणि गाडी चुकली तर तिकीट फुकट गेलं. लहान मुलं असलेल्या घराने जाताना फार तर ते घ्यावं, परतीसाठी मुळीच घेऊ नये. आणि तिकीट गाडीत चढायच्या आधीच काढलेलं हवं, गाडीत चढून रेल्वेच्या ॲपवर काढलेलं तिकीट तपासनीस मान्य करत नाही.

गोंडोलाचं तिकीट वेगळं. दिवसाच्या पासात ते आलं असं गृहीत धरू नका. गर्दीच्या दिवसांत वर जाण्याची वेळ निवडून ऑनलाइन आरक्षण करावं लागतं. नऊ ते दहाच्या दरम्यानची वेळ धरा. हवामानाचा अंदाज नक्की होईपर्यंत थांबायचा मोह होतो, पण चांगल्या दिवसाच्या सकाळच्या वेळा लवकर संपतात. दोन दिवस आधी काढणं हा मधला मार्ग.

३. गाडी पकडा आणि श्पीत्सला उतरा

झ्युरिकहून साधारण सव्वादोन तास, बर्नहून तासभर लागतो. झ्युरिकहून सात वाजताच्या आसपास निघालात तर साडेनवाच्या आत कांडरश्टेगला पोचता.

नवे लोक हमखास चुकतात ती जागा म्हणजे श्पीत्स. झ्युरिक किंवा बाझेलहून बर्नमार्गे ब्रिगला जाणारी जलद इंटरसिटी श्पीत्सला थांबते आणि तिथून २००७ साली सुरू झालेल्या लोएचबर्गच्या पायथ्याच्या बोगद्यात शिरते. ती कांडरश्टेगच्या खालून निघून जाते आणि थेट पलीकडे वालिसमधल्या फिस्पला बाहेर पडते. नकाशावर गाडी कांडरश्टेगच्या दिशेने जाताना दिसते म्हणून बसून राहिलात तर सकाळ गेली. श्पीत्सला उतरायचं आणि जुन्या डोंगरी मार्गाने जाणारी आरई १ गाडी पकडायची. बर्नहून निघणाऱ्यांना ही गाडी थेटही मिळते. मात्र काही गाड्यांचे डबे श्पीत्सला वेगळे होऊन दुसऱ्या दरीत जातात, तेव्हा बसताना डब्यावरच्या पाटीवर कांडरश्टेग लिहिलंय का ते वाचा.

ही गाडी तासाला एक असते. श्पीत्सला उतरून बाबागाडी, पिशव्या, आजोबांची काठी सांभाळत फलाट बदलायचा असतो, म्हणून बदलायला आठ-दहा मिनिटं मिळतील असाच मार्ग ॲपमध्ये निवडा. लिफ्ट फलाटाच्या कोणत्या टोकाला आहे ते उतरल्याबरोबर पाहा. रुळांची कामं चालू असली की मधल्या भागात बस लावतात, तेही त्याच सकाळी ॲपमध्ये कळतं.

झ्युरिक-बर्न मार्गावरच्या दुमजली इंटरसिटीत बहुधा एक कौटुंबिक डबा असतो, वरच्या मजल्यावर घसरगुंडीसह. फलाटावरच्या फलकात तो कोणत्या भागात येणार ते दाखवतात. तिथे बसलात की पहिला तास मुलांचा प्रश्न सुटला. फ्रुटिगननंतर गाडी मिटहोल्त्सजवळ वळसे घेत चढते आणि एका पडक्या बुरुजाचं दर्शन वेगवेगळ्या उंचीवरून पुन्हा पुन्हा होतं. मुलांना तो शोधायला सांगा.

मोटारीने जाणार असाल तर: महामार्गासाठी ४० फ्रँकची विनयेट, म्हणजे वर्षाच्या टोलचं स्टिकर, लागते, ती आता ऑनलाइनही मिळते. बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची बैठक सक्तीची आहे, मित्राच्या गाडीतून गेलात तरी. कांडरश्टेगहून मोटारी रेल्वेवर चढवून बोगद्यातून पलीकडे नेतात. सुट्टीत त्या रांगेचा शेपूट रस्त्यावर येतो, त्यात अडकू नका, तुम्हाला गावातच वळायचं आहे. गोंडोलाजवळचं पार्किंग सशुल्क आहे आणि सकाळीच भरतं.

४. आदल्या रात्री पिशवी भरा

रविवारी इथली बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची उघडी असतात, पण सकाळी सातला झ्युरिक स्टेशनवर ब्रेडसाठी धावपळ करण्यापेक्षा घरून डबा न्यावा. वर उपाहारगृहं आहेत, मात्र चौघांचं जेवण शंभर फ्रँकच्या घरात सहज जातं. शाकाहारी लोकांनी तिथे आधी विचारावं: आल्प्लरमाग्रोनन (चीज-बटाट्याची मॅकरोनी) आणि रोश्टी (किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ) यांत अनेकदा श्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि साधं दिसणारं सूपही मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ असू द्या. उपाहारगृहाच्या टेबलावर आपला डबा उघडू नये. तळ्याकाठी बाकं आणि गवत भरपूर आहे.

डब्यासाठी दशमीला तोड नाही. चार माणसांना तीन वाट्या कणीक, चवीपुरतं मीठ, दोन चमचे तेल, आणि पाण्याऐवजी साधारण सव्वा वाटी कोमट दूध. दूध एकदम ओतू नका, इथल्या गव्हाच्या पिठाला आपल्या चक्कीच्या पिठापेक्षा कमी लागतं. बारा दशम्या होतात. दुधामुळे त्या थंड हवेतही चिवट होत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भाजल्यावर जाळीवर पूर्ण गार करा, मग सुती फडक्यात गुंडाळा. गरम असताना डबा बंद केलात की वाफेचं पाणी खाली साचतं आणि तळच्या चार दशम्यांचा लगदा होतो. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणच्याच्या फोडी, काकड्या न चिरता. पोहे आणि उपमा नेऊ नका, थंड वाऱ्यात दहा मिनिटांत घट्ट होतात. दही डब्यातून गळतं, तेही नको.

पाणी चौघांना तीन लिटर. वाटेत नळ किंवा हौद असेल तर "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी आहे का पाहा, असेल तर ते पिण्याचं नाही.

बाकी पिशवीत:

- सगळ्यांची ओळखपत्रं, रेल्वेची कार्डं, आजी-आजोबांचे पासपोर्ट आणि प्रवास विम्याचा कागद. त्या विम्यात डोंगरातून सुटका करण्याचा खर्च धरला आहे का, हे घरीच वाचा.
- प्रत्येकाला एक पाऊसकोट आणि एक उबदार थर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा वेगळा. खाली २८ अंश असताना वर सावलीत हुडहुडी भरते.
- टोप्या, गॉगल, ५० क्रमांकाचं सनस्क्रीन. थंड वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही आणि संध्याकाळी मुलांचे कान-मान लाल झालेले दिसतात.
- मुलांसाठी कपड्यांचा पूर्ण जोड आणि दोन जोड मोजे. मूल पाण्यात शिरणारच.
- रोजची औषधं, बँडेज, गोचीड काढायचा चिमटा, पॉवरबँक.
- कचऱ्यासाठी पिशवी. डब्याचा कचरा घरी परत आणायचा.

बूट घोट्याला पकड देणारे, मागच्या टाचेत खाचा असलेले. आईंनी साडी नेसली तरी हरकत नाही, पण चपलेवर खडीचा उतार उतरू नये.

५. गोंडोलाने वर, मग तळ्यापर्यंत

कांडरश्टेग स्टेशनपासून गोंडोलाचं खालचं स्थानक पंधरा-वीस मिनिटं चालत आहे, सपाट रस्ता, पिवळ्या पाट्या. स्वच्छतागृह खालच्या स्थानकावरच उरकून घ्या. गोंडोलाला दहाएक मिनिटं लागतात. बाळाचे कान बंद होतात, तेव्हा चढताना दूध पाजा किंवा काही चघळायला द्या. मोठ्या चाकांची बाबागाडी असेल तर उत्तम. शहरातली लहान चाकांची छत्री-गाडी खडीवर अडकते, त्यापेक्षा बाळ पाठीवर घ्या.

वरचं स्थानक १६८२ मीटरवर आहे आणि तळं १५७८ वर. याचा अर्थ जाताना शंभर मीटर उतार, येताना तितकाच चढ. जाताना अर्धा तास हसतखेळत लागतो, म्हणून आजी-आजोबा म्हणतात, "अगं, हे तर अंगणच आहे." परतताना, पोट भरलेलं, ऊन डोक्यावर, मूल कडेवर, त्याच वाटेला पाऊण तास ते तास लागतो. गुडघ्यांचा किंवा दम्याचा त्रास असेल तर वरच्या स्थानकापासून चालणारी विजेवरची गाडी घ्या. पैसे एकाच फेरीचे द्यायचे असतील तर ते येतानाच्या फेरीचे द्या. तिच्या जागा मोजक्याच असतात, उतरल्याबरोबर परतीची वेळ विचारून ठेवा.

६. तळ्यावर काय करावं, काय करू नये

पोचल्यावर आधी होडी. वल्हवायच्या होड्या किनाऱ्यावर भाड्याने मिळतात. सकाळी पाणी शांत असतं आणि रांगही छोटी, दुपारी वारा सुटला की नवख्याला होडी परत आणताना दमछाक होते. मुलांसाठी जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा. जाकीट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. होडीत एका वेळी एकानेच उठायचं, फोटोसाठीही जागा बदलायची नाही.

पाणी ऐन ऑगस्टमध्येही थंड. पाय बुडवून खेळणं ठीक, पण तापलेल्या अंगाने एकदम उडी मारली तर श्वास अडकतो. पोहणाऱ्याने हात, छाती, मान भिजवत हळूहळू उतरावं आणि काठाशीच राहावं.

शाळकरी मुलांना वरच्या स्थानकाजवळची उन्हाळी घसरण, रोडेलबान, फार आवडते. रुळ ओले असले की ती बंद ठेवतात, म्हणून "येताना करू" असं वचन पावसाळी दिवशी देऊ नका.

पाट्यांचे रंग घरीच शिकवा. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: अरुंद, चढउताराची, काही ठिकाणी बाजूला दरी. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे गिर्यारोहकांची, आपली नव्हे. सगळ्या फोटोंत दिसणारं होयबेर्गवरचं दृश्य पांढऱ्या-लाल वाटेवर आहे. तीनेक तासांची ती फेरी सरावलेल्या मोठ्यांसाठी सुरेख आहे, पण लहान मुलं घेऊन किंवा पाऊस पडून गेल्यावर करू नये. दोघांनी जाऊन यायचं असेल तर बाकीच्यांनी तळ्याकाठी थांबावं आणि भेटायची वेळ ठरवून घ्यावी.

तळ्याच्या वर श्पित्से श्टाय नावाचा कडा अस्थिर झाला आहे. त्यामुळे काही वाटा बंद ठेवलेल्या असतात. आडवी फळी किंवा बंदीची पाटी दिसली की मागे वळा, पलीकडे माणसं चालताना दिसली तरी. गोंडोलाचे पैसे वाचवायला गावातून पायी यायचा विचार असेल, तर ती वाट उघडी आहे का हे आधी तपासा.

कुरणांत गाई मोकळ्या असतात. आपल्याकडे गाय दिसली की मुलाला तिच्या पाठीवरून हात फिरवायला सांगतो, इथे ते करू नका. वासरू सोबत असेल तर गाय धावून येते. लांबून वळसा घाला, फाटक उघडलं तर लावून घ्या, आणि कुंपणाची तार विजेची आहे हे मुलांना आधीच सांगा.

आग फक्त ठरवलेल्या चुलाणांवर, आणि कोरड्या दिवसांत तीही बंद असू शकते.

अपघात झाला तर हेलिकॉप्टर सुटकेसाठी रेगाचा क्रमांक १४१४, रुग्णवाहिका १४४, काही सुचलं नाही तर ११२. रेगाचं ॲप आधी उतरवून त्यात परवानग्या देऊन ठेवा, त्यातून तुमचं नेमकं ठिकाण कळतं.

७. परतीचा हिशोब उलटा मांडा

वरच्या स्थानकावर उतरताक्षणी शेवटच्या गोंडोलाच्या वेळेचा फोटो काढा. ती ऋतूप्रमाणे बदलते. त्या वेळेवर कधीच विसंबू नका, कारण शेवटच्या तासात सगळेच येतात आणि रांग लागते. हिशोब असा: तुम्हाला कांडरश्टेगहून पावणेपाचच्या आसपासची गाडी हवी, तर पावणेचारपर्यंत वरच्या स्थानकावर हवं, म्हणजे तळ्यावरून पावणेतीनला उठायला हवं. अडीचला डबे आवरायला घ्या. मुलांना "आता निघायचं" हे अचानक सांगू नका, अर्धा तास आधी एकदा आणि दहा मिनिटं आधी एकदा सांगा.

चढाची वेळ मुलांच्या झोपेच्या वेळेवर येते. शेवटचा खाऊ त्यासाठी राखून ठेवा: गुळपोळीचा तुकडा, चिक्की किंवा खजूर. वाटेच्या मध्यावर द्या, सुरुवातीला दिलात तर पुढे काही उरत नाही.

श्पीत्सला गाडी बदलायची आहे हे झोपलेल्या मुलांसह लक्षात राहत नाही. फोनवर गजर लावा.

८. घरी आल्यावर

आंघोळीच्या वेळी सगळ्यांच्या अंगावर गोचीड तपासा, गवतात बसलेल्यांच्या तर नक्कीच: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे, मुलांच्या केसांच्या कडेला. तिळाएवढा काळा ठिपका हलत नसेल तर चिमटा त्वचेला लागून धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. तेल लावू नका, जाळू नका, चिरडू नका. जागा निर्जंतुक करा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगून दाखवा. गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस मुलांना कधी द्यायची, हेही बालरोगतज्ज्ञांना सहलींचा मोसम सुरू होण्याआधी विचारून घ्या, कारण तिचे डोस काही महिन्यांच्या अंतराने असतात.